उबेची जागा

परक्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणाऱ्या माणसाला आपण पाठ फिरवली एवढे तरी ठाऊक असते. घरातल्या माणसाचे दुःख घरालाच सोयीचे पडू लागले, म्हणजे मात्र दोष कोणाच्याच पदरात नीटसा पडत नाही. कोणी क्रूर नसतो, कोणी खोटे बोलत नाही. सारे काही मायेनेच चाललेले असते. फक्त एक प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तो राहिला हे ध्यानात येईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. दोन भाऊ आणि त्यांच्या बायका अशा चौघांनी चालवलेल्या एका धुलाईघरात असाच एक प्रश्न राहून गेला होता.

धुलाईघर मोठे नव्हते, पण कामाला तोटा नव्हता. हॉटेलांच्या चादरी, पलंगपोस, टॉवेल आणि उशांचे अभ्रे यांची गाठोडी सकाळीच दाराशी येऊन पडत. पुढच्या खोलीत थोरला भाऊ धुलाईची यंत्रे सांभाळी. मधल्या खोलीत त्याची बायको, धाकट्याची वहिनी, कपडे निवडी आणि डाग काढी. मागच्या खोलीत बॉयलरला लागून वाफेवर तापणारा एक लांबलचक रूळ होता. धाकटा भाऊ रुळाच्या एका बाजूने ओली चादर आत सारी, आणि दुसऱ्या बाजूने ती कडकडीत वाळून, एकही सुरकुती न ठेवता बाहेर येई. तिकडे उभे राहून ती झेलायची आणि गरम आहे तोवरच तिची घडी घालायची, हे त्या घरातले सर्वांत नकोसे काम होते. पाठीशी बॉयलर, पुढ्यात रूळ आणि हातात चटके देणारे कापड! म्हणून पहिल्यापासून असा शिरस्ता पडला होता की त्या जागी चौघांनी आळीपाळीने उभे राहायचे. वडीलकीची सूट नाही, आणि धाकटेपणाचा जास्तीचा भारही नाही.

हा शिरस्ता मोडला तो भांडणाने नव्हे. धाकट्याच्या बायकोला थंडी वाजू लागली, म्हणून मोडला.

आरंभी सर्वांनीच ती गोष्ट हसण्यावारी नेली. ऐन उन्हाळ्यात ती लोकरी स्वेटर चढवून कामाला आली, तेव्हा वहिनीने कपाळाला हात लावला.

"अगं बाई! आम्ही इथे घामाने भिजलोय आणि तू बर्फात निघाल्यासारखी काय आलीस?"

"हाडं गारठलीत हो, जाऊबाई. आज तुमच्याऐवजी मी उभी राहू का रुळापाशी? तेवढंच बरं वाटेल."

"विचारतेस काय? तुझ्या तोंडात साखर पडो!"

थोरल्याने यंत्रापाशी उभ्याउभ्याच हसून म्हटले, "मांजर बघा कसं, ऊब दिसली की सरकलंच तिकडे. आजपासून हिचं नाव मनी!"

नाव चिकटले, आणि नावाबरोबर जागाही चिकटली. आज वहिनीच्या ऐवजी, उद्या थोरल्याच्या ऐवजी, परवा नवऱ्याच्या ऐवजी, असे करता करता आळीपाळीचा विषयच कोणी काढीनासे झाले. मनीला ऊब हवी होती आणि इतरांना ती नको होती. देवाणघेवाण इतकी चोख जुळली की तिच्यात काही खोट असेल अशी शंका कोणाच्या मनालाही शिवली नाही. पाहुण्यांपुढे थोरला कौतुकाने सांगे, "आमच्या घरची धाकटी सून म्हणजे देणगी आहे हो. भट्टीपाशी दिवसभर उभी राहते आणि वर म्हणते, गार वाटतंय!"

थंडी एकटी आली नव्हती. तिच्या मागोमाग एकेक पाहुणा चोरपावलांनी घरात शिरत होता. पण प्रत्येकाची ओळख त्या घराला आधीच पटलेली होती, आणि घात झाला तो तिथेच. मनीची कातडी कोरडी पडून तिला भेगा गेल्या. वहिनी म्हणाली, धुण्याच्या सोड्याने माझीही जाते. तिचा आवाज घोगरा झाला. थोरला म्हणाला, वाफेत आणि कापडाच्या धुळीत दुसरे काय होणार? केस मूठमूठ गळू लागले, ते उष्णतेने. चेहरा फुगीर आणि फिकट दिसू लागला, तेव्हा वहिनीने कौतुकाने कानशिलावर बोटे मोडून म्हटले की अंगावर जरा मांस धरले, बरे दिसते. ती बोलताना मध्येच थांबे, शब्द शोधी, दुपारी बसल्या जागी डुलकी घेई. ते कामाच्या थकव्याने. आजाराच्या प्रत्येक खुणेला धंद्यातले एक कारण तयार होते. दुसऱ्या कोणत्याही घरात ती स्त्री एव्हाना वैद्याच्या दारात गेली असती. या घराने तिचे दुखणे धुलाईच्या खात्यात टाकून दिले.

धाकटा अगदीच आंधळा होता असे नाही. एकदा शेजारी निजलेल्या बायकोचे पाऊल त्याच्या पायाला लागले आणि तो दचकला. दगडाला स्पर्श व्हावा तसे वाटले. तो तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त कमी दिसते म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. मात्र निघताना त्यांनी बजावले, "एवढ्यावर भागवू नका. सतत थंडी वाजायची कारणं पुष्कळ असतात. रक्त कमी असतं, साखरेनं नसा बिघडलेल्या असतात, कधी खाणंच पुरत नाही, कधी गळ्यातली ग्रंथी मंदावते. हिचा आवाज मला ठीक वाटत नाही. मोठ्या रुग्णालयात जाऊन रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घ्या. गळ्याच्या ग्रंथीची तर नक्कीच करा."

"करतो," धाकटा म्हणाला, आणि त्याच्या मनातही तसेच होते. पण तेव्हा हॉटेलांचा मोसम भरात होता. मनी दिवसभर रुग्णालयात गेली तर रुळापाशी उभे कोण राहणार? ही गर्दी ओसरली की जाऊ, असे तो म्हणाला. तिनेही मान डोलावली. गर्दी ओसरली, दुसरी आली. गोळ्यांनी थोडी हुशारी आल्यासारखी वाटली, आणि मग 'आता बरी आहे' असे म्हणायला सर्वांना आधार सापडला.

पुढे हिवाळा लागला आणि मनीला खोकला झाला. छातीत घरघर वाजू लागली. धाकटा म्हणाला, "आज राहू दे. वर घरी जाऊन पड जरा."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, जणू शब्द कुठून तरी लांबून यायचे होते. मग अगदी सावकाश म्हणाली, "वर... फार गार आहे."

ती रुळापाशी जाऊन उभी राहिली. सकाळचे काम नुकते रंगात आले होते. धाकटा चादरीमागून चादर सारत होता. यंत्राच्या आवाजात पलीकडचे काही ऐकू येत नसे, आणि वाफेत नीटसे दिसतही नसे. पण घडीचा एक ताल असतो. कापड झटकल्याचा फटकारा ठरावीक अंतराने कानी पडायचा. तो पडेनासा झाला. धाकट्याने रूळ थांबवला आणि वळसा घालून पलीकडे गेला. चादरी एकीवर एक जमिनीवर ओघळून त्यांचा ढीग झाला होता. त्या ढिगात मनी उभी होती. हातात एका चादरीची दोन टोके होती आणि डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हते.

"अगं, काय झालं?"

ओठ हलले, शब्द फुटला नाही. गुडघे दुमडले आणि ती त्या चादरींवरच कोसळली. तिचे कपाळ धाकट्याच्या तळव्याला लागले. बॉयलरपाशी असूनही ते ओल्या फरशीसारखे गार होते.

"दादा! वहिनी! धावा!"

आता जे घडले ते निव्वळ प्रेमाने घडले. थोरल्याने तिला उचलून बॉयलरच्या अगदी कडेला निजवले. वहिनीने रूळ पुन्हा सुरू केला आणि भराभर चादरी त्यातून काढून आणल्या. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची कापडे तापवली, त्यांनी आज आपल्या माणसासाठी तापवली. एक पायांना, एक छातीला, एक डोक्याभोवती. निवली की काढायची आणि नवी गरम लपेटायची. "शेका, शेका तिला! गारठून गेली आहे पोर," म्हणत वहिनी रडत होती आणि तिचे स्वतःचे हात चटक्यांनी लाल झाले होते. एका क्षणी मनीचे गाल गुलाबी झाले. "रंग आला! बघ रे, रंग आला!" थोरला ओरडला. धाकट्याच्या जिवात जीव आला.

आणि तो रंग उतरला. पाहता पाहता ओठ राखेसारखे झाले. मनगटावर आधीच संथ लागणारी नाडी बोटांखालून निसटू लागली; सापडे, पुन्हा हरवे. "अजून गरम आणा," एवढेच धाकट्याला सुचले. दुसरे काही त्याला येतच नव्हते.

कापडे पोचवण्याच्या गाडीतून त्यांनी तिला रुग्णालयात नेले, तेही गरम चादरींच्या गाठोड्यात. गाडी थोरला चालवत होता. मागे वहिनी चादरी दाबून धरत होती, आणि धाकटा मनीचे डोके मांडीवर घेऊन तिला हाका मारत होता. या घराने दिलेल्या नावाने नव्हे, लग्नाआधीच्या नावाने. ते नाव किती दिवसांत तोंडी आले नव्हते, हे त्याला तेव्हा उमगले.

तातडीच्या खोलीत एक मध्यम वयाची डॉक्टरीण होती. तिने गाठोडे पाहिले, हात लावला आणि तिचा आवाज चढला. "हे कोणी गुंडाळलं? आधी काढा. सगळं काढा!"

"अहो डॉक्टर, ती गारठली आहे!" वहिनी मध्ये पडली. "बर्फ झालीये नुसती!"

"ताई, बाजूला व्हा. मला तिला जगवायचंय."

परिचारिकांनी एकेक चादर सोडवली आणि साधे, न तापवलेले ब्लँकेट घातले. तापमापकात आकडा चढेना. खालच्या मापाचा दुसरा आणावा लागला. नाडी मंद, रक्तदाब रसातळाला, छातीत संसर्ग. डॉक्टरिणीने गळ्यावरून बोटे फिरवली, भुवयांची विरळ झालेली बाहेरची टोके पाहिली, पायावर बोट दाबून पाहिले. मग तिने धाकट्याकडे वळून विचारले, "थंडी कधीपासून वाजते हिला?"

"पुष्कळ... पुष्कळ दिवसांपासून."

"आवाज बदलला होता?"

"आधी गोड होता."

"केस? झोप? विसरणं?"

तो होकार देत गेला. प्रत्येक होकाराबरोबर एकेक कारण गळून पडत होते. सोडा, वाफ, धूळ, उष्णता, थकवा. शेवटी हाती काहीच उरले नाही. सगळ्या खुणा मिळून एकाच आजाराच्या होत्या, आणि त्यांनी त्या पाच ठिकाणी वाटून टाकल्या होत्या.

"कोणी तपासणी सांगितली नव्हती?"

"सांगितली होती," तो म्हणाला. "मी नेलं नाही."

रागावण्याऐवजी डॉक्टरिणीने समजावून सांगितले, आणि ते त्याला रागापेक्षाही जड गेले. "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी म्हणजे शरीराच्या शेगडीची कळ समजा. ती हळूहळू बंद पडत गेली. उष्णताच तयार होत नव्हती, म्हणून थंडी. हृदय, मेंदू, सगळंच मंदावलं, आणि खोकल्याच्या संसर्गानं उरलीसुरली ताकद संपवली. शरीरानं होतं नव्हतं ते रक्त आतल्या अवयवांसाठी राखून ठेवलं होतं. तुम्ही बाहेरून शेकलंत तेव्हा कातडीच्या शिरा सैल झाल्या, रक्त तिकडे धावलं आणि दाब कोसळला. तुमचा हेतू वाईट नव्हता, मला दिसतंय. पण हिला ऊब आतूनच यायला हवी. ते औषध शिरेतून देतेय. उपयोग होईल का, हे आत्ता सांगता येणार नाही. या अवस्थेतून सगळेच परततात असं नाही."

बाहेर बाकावर तिघे बसले. वहिनीने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. थोरला म्हणाला, "आपल्याला काय माहीत? आपण तर तिचं भलंच बघत होतो."

"भलं बघत होतो?" धाकट्याचा बांध फुटला. "दादा, तू शेवटचा रुळापाशी कधी उभा राहिलास? सांग ना!"

"आणि तू रे? नवरा ना तिचा? डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, मला नाही!"

"गप्प बसा दोघंही," वहिनी बोलली. तिचा आवाज इतका शांत होता की दोघेही दचकले. "मला गुडघ्याचा त्रास होता म्हणून मी तिथे उभी राहत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या. ती म्हणाली मी उभी राहते, आणि मला हायसं वाटलं. भावजी, तुम्हाला नाही वाटलं?"

धाकट्यालाही हायसे वाटले होते. त्या दवाखान्यातून बाहेर पडताना, तपासणी पुढे ढकलताना, प्रत्येक वेळी हायसे वाटले होते. तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. आयुष्यात काही मागावे असे त्याला फार वाटले नव्हते. आता तो मनातल्या मनात सौदे करू लागला. तिला वाचवा, मी धंदा सोडतो. तिला वाचवा, माझे हात न्या. कोणाशी बोलतो आहोत याचेही त्याला भान नव्हते.

श्वास तोकडा पडू लागला म्हणून घशात नळी घालून तिला श्वासाचे यंत्र लावले. औषधे चालू होती. दिवस उजाडत आणि मावळत होते. आत जायला एका वेळी एकालाच परवानगी होती. धाकटा शिरेत टोचलेल्या सुईकडे पाही, ब्लँकेटखाली न हलणाऱ्या पावलांकडे पाही, आणि डॉक्टरिणीच्या चेहऱ्यावर काही वाचता येते का ते पाही. ती दर वेळी एकच म्हणे, "थांबू या." त्या शब्दावर तो एक वेळ ढकली, मग पुढची.

आशेचा पहिला अंश आला तो अशा रूपात की तो सोसणे कठीण. नळी काढल्यावर मनीला अर्धवट जाग आली आणि ती कण्हू लागली. "गार... फार गार. चादर... रुळावरची..."

धाकटा उठला. हात आपोआप पुढे झाले. बाहेर गाडीत वहिनीने पुन्हा तापवून आणलेल्या चादरी होत्या. कोणी सांगितले नव्हते, तिला राहवले नव्हते. त्याने परिचारिकेकडे पाहिले. तिने नकारार्थी मान हलवली.

"नको गं," तो म्हणाला. "आत्ता नाही द्यायची."

"अहो... एकच..."

"नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळले. ज्या स्त्रीला एवढे दिवस त्याने न विचारता ऊब दिली होती, तिने काकुळतीने मागितल्यावर ती नाकारणे त्याच्या वाट्याला आले. तो पलंगाची कड धरून उभा राहिला, हलला नाही. ती थकून झोपेपर्यंत तिचे कण्हणे त्याने ऐकले, सगळे ऐकले.

त्यानंतर रक्तदाब सावरू लागला. तापमापकातला आकडा चढला, अगदी मुंगीच्या पावलांनी. डॉक्टरीण म्हणाली, "दिशा बरी आहे. पण धोका टळला असं मी म्हणणार नाही. बरं झाल्यावरही गोळी जन्मभर रोज घ्यावी लागेल. आणि मेंदूवर, हृदयावर किती परिणाम राहिला ते हळूहळू कळेल."

एका दुपारी मनीचे डोळे नीट उघडले. या वेळी त्या डोळ्यांत कोणीतरी होते. धाकट्याने पाण्यात भिजवलेला कापूस तिच्या ओठांना लावला. किती तरी वेळ तो शब्दांची जुळवाजुळव करत होता, अखेर जुळवणी सोडून देऊन म्हणाला, "तुला ती जागा आवडते म्हणून आम्ही दिली नाही. आम्हाला नको होती म्हणून दिली. तुला बरं करायला न्यायचं मी टाळलं, कारण तू बरी झालीस तर तिथे कोण, हा प्रश्न होता. हे मला कळत होतं. अगदी नाही कळलं असं नाही."

ती छताकडे पाहत होती. तिने ऐकले की नाही, असे त्याला वाटू लागले. मग तोच घोगरा, सावकाश आवाज आला.

"माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं... कोणी?" ती थांबली, दम घेतला. "सगळे म्हणायचे, हिला तिथे बरं वाटतं. वाटायचं नाही हो. बॉयलरला पाठ लावून उभी राहायचे ना... तिथेही थंडीच वाजायची."

धाकट्याने खाली मान घातली. दारापाशी वहिनी उभी होती. तिनेही ते ऐकले होते. आत येण्याची परवानगी नव्हती, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच राहिली. पलीकडे व्हरांड्यात थोरला आपले जाडे हात पाठीमागे बांधून येरझारा घालत होता. मनी बरी होऊन घरी परतेल की नाही, हे त्या दुपारी कोणालाच ठाऊक नव्हते.

"आत्ता?" धाकट्याने विचारले. "आत्ता कसं वाटतंय?"

उत्तराला वेळ लागला. त्याने तो लागू दिला.

तिच्या देहातला मंदावलेला अग्नी पुन्हा प्रज्वलित होवो. उशिरा विचारलेला प्रश्न त्या घरात यापुढे रोज विचारला जावो, आणि विचारणाऱ्याला उत्तर ऐकण्याइतका धीर लाभो. ज्यांनी प्रेमाने चूक केली त्यांना त्या चुकीचे ओझे वाहण्याचे बळ मिळो. त्या चौघांचे, आणि चारचौघांत उभे राहून एकटेच गारठणाऱ्या सर्वांचे, कल्याण होवो.